नयनाताई, तेवढ्याशा दुधासाठी कशाला गेलीस?

हेल्मेट डोक्यात घालायचं असतं, नयनाताई. स्कूटरच्या आरशाला अडकवायचं नसतं. मी सांगून थकले, महेश सांगून थकला, आणि तुझं आपलं एकच, "पोलीस दिसलो काय घालतंय." पोलीस काही दिसला नाही. रस्त्यात खणलेला चरही दिसला नाही. दिसणार कसा, ना बोर्ड, ना लाल फडकं, ना एखादा दगड. तू पडलीस, हेल्मेट एकीकडे, तू दुसरीकडे. काल तुझं तेरावं झालं. आज घर रिकामं झालंय, पाहुणे गेलेत, आणि मला तुझ्यावर मनसोक्त ओरडायला वेळ मिळालाय.

तेरा दिवस मी लोकांचं ऐकून घेतलं. तुझ्या पवईच्या ऑफिसातली माणसं येऊन गेली. एक बाई म्हणाल्या, "नयना मॅडम म्हणजे देवमाणूस, कधी आवाज चढवला नाही." मी हसले. खरंच हसले गं, सगळ्यांदेखत. महेशने मला कोपराने ढोसलं. तू आणि आवाज चढवायचा नाही? वॉशिंग मशीनशी भांडायचीस तू! लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारात उभी राहून अख्खा भांडुप गोळा करायचीस. ह्या लोकांना कुठली नयना भेटली होती कोण जाणे. माझी नणंद तशी नव्हती.

माझी नणंद लग्नानंतर पहिल्याच सकाळी माझ्यावर डाफरली होती. मी कऱ्हाडकडची, आमच्यात नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला अहो-जाहो. मी आपलं "ताई, तुम्ही चहा घेणार?" विचारलं. तर म्हणालीस, "ह्या तुम्ही-बिम्ही नको माका. घाटावर म्हण. हंय तू म्हणाचा." म्हणून तू. म्हणून आजही तूच. आता ऐक.

माझं बीपी चढलं, सातव्या महिन्यातच मला थिएटरात घेतलं आणि मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात आपली पोर जन्माला आली. मी शुद्धीवर येईपर्यंत तिला सगळ्यात आधी बघितलंस तू. महेश तर काचेच्या पेटीपर्यंत जाऊन परत फिरला, त्याला बघवेना. तू आत गेलीस, टोपी घालून, हात धुऊन, आणि बाहेर येऊन काय केलंस? पेढे वाटलेस! माझ्या वॉर्डात, लिफ्टमनला, वॉचमनला, आपल्या मजल्यावर घरोघरी. मुलगी झाली की बर्फी वाटतात असं कोणीतरी म्हणालं, तर त्याला सुनावलंस, "माका पेढे वाटूचे आसत, मी पेढेच वाटतलंय." आणि सगळ्यांना सांगत सुटलीस, चेडवाक दूध सुरू झाला, पोरगी दूध पितेय.

कसलं दूध आणि कसलं काय. पेटीशेजारी पंपाला एक पांढरी सिरिंज लावलेली होती आणि तिच्यातून नळी पोरीच्या अंगात जात होती. पांढरं दिसलं, तू म्हटलंस दूध. डॉक्टरीणबाईंनी तुला दुसऱ्या दिवशी बसवून सांगितलं की ते दूध नाही, ते स्निग्ध आहे, चरबी, आणि ते थेट शिरेत जातं. शेजारी पिवळी पिशवी होती, तिच्यात साखर, प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं. पोटात असताना नाळेतून जे मिळायचं ते आता शिरेतून द्यायचं, कारण एवढ्या लवकर आलेल्या बाळाचं आतडं तयार नसतं. दूध द्यायचं, पण थेंबाथेंबाने, आतड्याला शिकवत शिकवत. दूध जसं वाढेल तशी ही पिशवी कमी करत न्यायची. एवढं सगळं समजावून घेऊन तू त्यांना विचारलंस, "मगे देवान पोट कित्याक दिल्यान?" डॉक्टरीणबाई हसल्या. तू नाही हसलीस. आपण सगळ्या मजल्याला खोटे पेढे वाटले ह्याचा राग आला होता तुला, आणि तो तू माझ्यावर काढलास.

"थेंब थेंब तर थेंब थेंब. उठ. काढ."

टाके ओले होते माझे. बीपीच्या गोळ्यांनी डोकं जड. आणि तू दूध काढायचा पंप घेऊन समोर उभी. आधी चीक निघाला, घट्ट पिवळा, चमच्याचं टोक भरेल एवढा. मला वाटलं एवढ्याने काय होणार. तू तो सिरिंजमध्ये भरून घेऊन गेलीस. सिस्टरने तो कापसाच्या बोळ्याने पोरीच्या गालाला आतून लावला. परत येऊन म्हणालीस, "जीभ हलवल्यान गो!" तेव्हा तुझा आवाज फाटला होता, ताई. मला आठवतंय. तू खिडकीकडे तोंड केलंस आणि वॉर्डातल्या पंख्याला शिव्या दिल्यास.

घरी आल्यावर तर तू माझी वाटच लावलीस. दर दोन-तीन तासांनी पंप. मी झोपले की पंप, मी जेवायला बसले की पंप. आणि जेवायला काय, तर मोरी माशाचा रस्सा. तुमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी घालतात, हे मला मान्य आहे. पण माझ्या माहेरी मासा म्हणजे वर्षातून एकदा, तोही नदीचा. त्या मोरीचा वास घरभर, माझ्या केसांत, दुपट्यांत. मी म्हटलं, ताई, हळिवाचे लाडू दे, खोबरं दे, डिंक दे, पण हे नको. तू ताट पुढे सरकवलंस. "घाटी मेली. खा गप." मी रडत रडत खाल्लं. दूध वाढलं की नाही देव जाणे, पण तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही की त्यातला रस्सा मला आवडायला लागला होता.

एकदा मात्र मी भडकले. म्हटलं, शिरेतून सगळं मिळतंय ना तिला? वजन वाढतंय ना? मग मला कशाला पिळताय सगळे? मी काय गाय आहे? तेव्हा तू पहिल्यांदाच ओरडली नाहीस. माझ्याजवळ बसलीस आणि मराठीत, अगदी माझ्या मराठीत म्हणालीस, "शिरेतून तिला जगवतायत गं. पण तिला कधीतरी पोटाने जगायचंय." मग लगेच पंप हातात दिलास. तू असं काही बोलायचीस आणि माणसाला भांडायलाही जागा ठेवायची नाहीस.

रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तू तो निळा बर्फाचा डबा पायांमध्ये ठेवून स्कूटरवरून भांडुपहून मुलुंडला जायचीस आणि तिथून उलटी पवईला. मला एवढ्या लवकर प्रवास करायला मनाई होती, महेशची शिफ्ट सकाळची. तू नसतीस तर कुणी नेलं असतं? हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, आभार मानूक मी काय परकी आसंय?

मग पोरीचं पोट फुगलं. तोंडातल्या नळीतून पोटात दिलेलं दूध तसंच परत येऊ लागलं, हिरवट. डॉक्टरीणबाईंनी दूध बंद केलं. पुन्हा सगळं शिरेतून. हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत जाणारी एक दोऱ्यासारखी नळी होती, तिच्यावर सगळा भरवसा. त्या म्हणाल्या, ही नळी जीव वाचवते, पण ती जितकी राहील तितकी जंतू आत शिरायची भीती. पोट निवळलं की लगेच पुन्हा दूध सुरू करायचं, आणि ह्या वेळी खंड पडू द्यायचा नाही. नेमका तेव्हाच मला ताप भरला. दूध कमी झालं. त्या म्हणाल्या, दूधपेढीतलं घेऊ या. दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासलेलं, उकळल्यासारखं निर्जंतुक केलेलं. मी लगेच हो म्हणणार होते. फोन तुझ्या हातात होता.

"मी आसंय तवसर चेडू भायरचा दूध पिवचा नाय."

काय हे वाक्य, ताई! काय गरज होती? मी किती समजावलं तुला. त्या बायासुद्धा माझ्यासारख्याच, त्यांचीही पोरं त्याच काचेच्या पेट्यांत. तपासून देतात. तू ऐकायला तयार नाहीस. "कोणाचा कोण जाणे." मी म्हटलं, हॉटेलात पाणी पितेस ते कुणाचं असतं? वडापाव खातेस तो कुणाच्या हातचा असतो? तू म्हणालीस, वडापाव माका खावचो आसा, तिका नाय. दोन दिवस आपण हेच भांडत होतो. महेश हेडफोन लावून बसला.

त्या सकाळी पोरीचं दूध पुन्हा सुरू व्हायचं होतं आणि माझ्या बाटलीत तळ जेमतेम झाकला जाईल एवढंच दूध होतं. अंगात ताप. मी म्हटलं, ताई, आज राहू दे. एवढ्याशासाठी जाऊ नकोस. पेढीतलं देतील. मी सही करते फोनवरून. तू डब्यात बर्फ भरत होतीस. "थेंब आसलो तरी आवशीचो आसा." मी पुन्हा म्हटलं, आईचा म्हणून काय झालं, जाऊ नकोस. ऐकलंस? जाऊ नकोस असं मी म्हटलं होतं. आणि तू चप्पल पायात सरकवत म्हणालीस, "आता येतंय."

हे तुझं 'आता येतंय'.

तुला ज्याने उचललं तो एक रिक्षावाला होता. त्याने तुला जवळच्या दवाखान्यात नेलं, डबाही नेला, तो शहाणा माणूस. डबा नंतर पोलीस चौकीतून महेशने आणला. बर्फाचं पाणी झालं होतं आणि बाटली धड होती. एक चरा नाही तिच्यावर. तुझं डोकं फुटलं आणि ती प्लॅस्टिकची बाटली नाही फुटली. मी ते दूध बेसिनमध्ये ओतलं आणि बाटली इतकी घासली की महेशने माझ्या हातातून काढून घेतली.

आणि ऐक पुढे. पोलिसांच्या कागदात काय लिहिलंय माहितेय? वाहनावरचा ताबा सुटल्याने. म्हणजे चूक तुझीच. चर खणून उघडा टाकून गेले त्यांची काही नाही. महेश भांडायला गेला, ह्या टेबलावरून त्या टेबलावर, "ते काम आमच्याकडे येत नाही साहेब." आणि तुला पोचवून आम्ही येईपर्यंत तो चर बुजवून वर डांबर टाकून मोकळे. गुळगुळीत! एवढ्या दिवसांत ज्यांना वेळ मिळाला नाही त्यांना त्या दिवशी बरोबर मिळाला. तू असतीस तर त्यांच्या ऑफिसात जाऊन खुर्च्या उलट्या केल्या असत्यास. मी नाही केल्या. माझ्यात ताकद नव्हती. पण मी विसरलेले नाही, आणि महेशलाही विसरू देणार नाही.

मग गावाहून काकी आल्या. तुमच्या काकी, सावंतवाडीच्या. त्यांनी आल्या आल्या दारात बसून गळा काढला आणि रडता रडता मध्येच म्हणाल्या, "पांढऱ्या पायाचा चेडू. इला नाय तर आत्येक गिळल्यान." सगळ्या बायांनी माना हलवल्या. त्याच बाया ज्यांनी तुझे पेढे खाल्ले होते. मी आतल्या खोलीतून उठून आले. म्हटलं, काकी, तिला अजून गिळायलाच येत नाही. एक थेंब घशाखाली उतरवायचा आणि त्याच वेळी श्वास घ्यायचा, एवढंसुद्धा तिला जमत नाही, म्हणून तिच्या तोंडात नळी आहे. आणि तिने अख्खी बाई गिळली म्हणता? काकींचं रडणं थांबलं. महेश, तुझा तो भिजलं मांजर भाऊ, पहिल्यांदा काहीतरी बोलला, "काकी, पोरीला बोलायचं नाही." थोडं उशिरा, पण बोलला.

काकींनी तेवढ्यावर सोडलं नाही. सुतकात घराबाहेर पडायचं नाही, हॉस्पिटलात जायचं नाही, सुतकातलं दूध तर पाठवायचंच नाही. पाठवायला होतं कुठे? आटलं होतं. तू गेल्याची बातमी आली त्या दुपारपासून पंप नुसताच घर्र घर्र करायचा. मी तास तास बसायचे. मोरी आणून देणारं कोणी नव्हतं, उठ काढ म्हणून ओरडणारं कोणी नव्हतं. एवढी घाण केलीस ना तू मला ओरडून घ्यायची सवय लावून.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पोट निवळलेलं आहे, दूध आणखी अडवून ठेवता येणार नाही, नळीपाशी थोडी लाली दिसतेय, ती जास्त दिवस ठेवणं बरं नाही. आज काय ते ठरवा. मी सुतकात उठले, रिक्षा केली आणि मुलुंडला गेले. काकी मागून काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही. महेश माझ्याबरोबर आला. दूधपेढीच्या कागदावर सही करायच्या वेळी तो हळूच म्हणाला, "ताईला चाललं नसतं."

मी म्हटलं, "ताई म्हणाली होती, मी आहे तोवर. ती नाहीये."

आणि सही केली. तुझ्या वाक्यातूनच तू मला वाट काढून दिलीस, आणि ह्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. जिवंत राहून हरली असतीस तर काय झालं असतं? दोन दिवस फुगून बसली असतीस, मोरी बंद केली असतीस, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच पेढीत जाऊन तिथल्या बायांना शिस्त लावली असतीस. माणूस वाद हरतं गं. हरून जेवायला बसतं. त्यासाठी मरायला लागत नाही.

ते परक्या आईचं दूध पोरीला पचलं. पोट फुगलं नाही. रोज थोडं वाढवत गेले, पिवळी पिशवी लहान होत गेली, पांढरी सिरिंज बंद झाली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आमच्या ताईने नेलेल्या त्या थेंबांचा काही उपयोग झाला का? मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिला चीक फार मोलाचा, तो वेळेवर मिळाला. पण कुठल्या थेंबाने काय केलं हे कोणालाच सांगता येणार नाही." मी घरी येऊन तुझ्या फोटोकडे बघितलं आणि म्हटलं, ऐकलंस? म्हणजे आता मी जन्मभर हेच घोकत बसायचं.

पण एक सांगते. पहिला चीक तू काढायला लावलास. मी नसता काढला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले असते आणि म्हटलं असतं, मशीन आहे ना. तू होतीस म्हणून पोरीच्या जिभेवर सगळ्यात आधी आली ती माझी चव. हे माझं देणं नाही, तुझं आहे. आणि आता माझं दूध परत यायला लागलंय, थोडं थोडं. पोरीला पुरत नाही अजून, तर दोन्ही मिळून देतो, माझं आणि त्या कुणा बाईचं. त्या बाईचं नाव आम्हाला सांगत नाहीत. मी रोज तिला हात जोडते. तुला चालो न चालो.

एक गोष्ट लिहायची टाळत होते.

पेटीवर अजून 'बेबी ऑफ शीतल' अशीच चिठ्ठी आहे. बारशाला नाव कानात सांगायचा मान आत्याचा, आणि तू नाव ठरवलं होतंस. मला माहीत होतं की ठरवलंयस, कारण पेटीपाशी वाकून तू तिच्याशी ओठ हलवत बोलायचीस आणि मी जवळ आले की गप्प व्हायचीस. मी कितीदा विचारलं. महेशने विचारलं. तू म्हणायचीस, नळीवरच्या पोराचं नाव घ्यायचं नसतं, दृष्ट लागते. सलाईन सुटू दे, तोंडाने पिऊ दे, मग सांगते.

काल, तुझ्या तेराव्याचं पान वाढून मी हॉस्पिटलात गेले. हातातली नळी परवाच काढलीय, तिथे छोटीशी पट्टी आहे. सिस्टरने बोंडल्यात दूध घेतलं, माझ्या मांडीवर तिला दिलं आणि म्हणाली, हळूहळू ओठांना लावा. तिने तोंड वाकडं केलं. थोडं गालावरून ओघळलं. मग तिने गिळलं. श्वास घेतला. पुन्हा गिळलं. सगळं बोंडलं संपवलं तिने आणि कपाळाला आठी घालून आणखी मागायला तोंड उघडलं. सिस्टर म्हणाली, असंच चाललं तर थोड्या दिवसांत घरी. फाइलवर नाव काय घालू?

काकी म्हणतात चुलत नणंद बसेल आत्याच्या जागी. कोणी बसणार नाही. मी सिस्टरला म्हटलं, थांबा.

सलाईन सुटली, ताई. तोंडाने पिते. आता सांग ना नाव.